अडवून ठेवलेली जागा

२ एप्रिल, सोमवार

ठकू,

आत्ताच तुझा फोन ठेवला. फोनवर मी तुझ्याशी खोटं बोलले, म्हणून खरं काय ते इथे लिहून ठेवते. हे तुला पोचायचं नाही. ही लॅबमधली माझी वही आहे. सरळ बाजूने परागकणांचे आकडे आहेत आणि उलट बाजूने आता तू आहेस.

तू विचारलंस, "ताई, नदीकाठच्या विद्यापीठाने कुणाला जागा दिली, काही कळलं का गं?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक बाई, मी कुठे तिथे अर्ज केलाय."

केला होता. तू मावशीच्या आजारपणासाठी घरी गेलीस त्याच आठवड्यात. तुझा अर्ज तपासायला तू मला पाठवला होतास ना? तपासून दिला आणि मग तोच समोर ठेवून माझा भरला. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. तू भरतेस म्हणून मी भरला, एवढंच. आणि जागा मला आली. आपल्या विषयात ते वर्षाला एकच विद्यार्थी घेतात, फेलोशिपसकट. तू वेटिंग लिस्टवर पहिली आहेस, म्हणजे बरोबर माझ्या मागे उभी आहेस.

यातली गंमत अशी की मला तिथे जायचंच नाही. डोंगरावरच्या विद्यापीठाने मला बोलावलंय आणि शनिवारी मी त्यांना हो कळवूनही टाकलं. नियमाप्रमाणे त्याच दिवशी नदीकाठाला नाही कळवायला हवं होतं. पोर्टल उघडायचं, 'नाही' दाबायचं. दोन मिनिटांचं काम.

पंधरा तारखेपर्यंत वेळ आहे. त्याआधी कुणी कुणाला उत्तरासाठी टोचायचं नाही, असं सगळ्या विद्यापीठांनी आपसात ठरवलंय. पंधरा उलटली की ज्याला हो म्हटलं त्याचे आपण झालो. मग दुसरीकडे जायचं तर पहिल्याकडून ना-हरकत पत्र आणायचं, आणि तसं पत्र मिळालेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

तुला दुसरं फक्त समुद्रापलीकडचं विद्यापीठ आहे. नदीकाठाहून मावशीचं घर बसने दीड तासावर आणि समुद्रापलीकडून दोन विमानं. मावशीला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. हे सगळं मला माहीत आहे. मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

उद्या दाबते.


५ एप्रिल, गुरुवार

दाबलं नाही.

आज दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते. तळ्याच्या गाळातली बाराव्या मीटरची स्लाइड. तीनशे कण मोजून व्हायला हवे होते, दोनशे दहावर अडकले. डाव्या हातात ते मोजायचं यंत्र टकटक करत होतं आणि डोक्यात तुझाच विषय. तू असतीस तर तासाभरात तीनशे उरकून वर माझी चूक काढली असतीस. "ताई, हा गवताचा नाही, नीट बघ." आणि तो खरंच गवताचा नसतो. प्रत्येक वेळी नसतो.

सात वर्षांची होते तेव्हा आई गेली आणि मावशीने मला तुमच्या घरी आणलं. तू तेव्हा पाच वर्षांची, दारात उभी राहून माझ्या बॅगेकडे बघत होतीस. मावशीने दोघींत कधी डावं-उजवं केलं नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. केलं असतं तर बरं झालं असतं, मला निदान कुणावर तरी राग काढता आला असता. तू पुढे गेलीस ती स्वतःच्या अकलेवर. शाळेत मी दोन वर्षं पुढे होते, तू मधली वर्षं गाळून माझ्या वर्गात येऊन बसलीस. आपल्या गाईडसरांकडेही मी आधी आले. आता ते पाहुण्यांना ओळख करून देतात, "ही ठकू, आणि ही तिची बहीण."

आज सकाळी फोनवर तुझा आवाज बारीक झाला होता. "ताई, सारखी मेल बघते गं." मी म्हटलं, "येईल गं. धीर धर." आणि ठकू, मला बरं वाटलं. लिहिताना हात थांबतो आहे, पण वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तू रांगेत आणि मी पुढे. तुझा जीव माझ्या बोटाला टांगलाय आणि तुला ते माहीतही नाही.

चार दिवस. मला फक्त चार दिवस हे हवंय.


९ एप्रिल, सोमवार

आज सरांनी विचारलं. चहाचा कप माझ्या स्लाइडच्या ट्रेवर ठेवून (कितीदा सांगितलं तरी तिथेच ठेवतात) म्हणाले, "डोंगरावर जायचं नक्की ना? मग नदीकाठचं सोडलंस का? ठकूचा नंबर लागेल त्याने."

"सोडलं सर."

"कधी?"

"शनिवारीच."

"मग त्यांनी अजून तिला का कळवलं नाही? ढिले आहेत लेकाचे." आणि कप तिथेच विसरून गेले. मी शिफारस मागायला गेले होते तेव्हा 'ठकूला आत्ता सांगू नका, तिला दडपण येईल' असं मीच त्यांना बजावलं होतं. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. सर भोळे. त्यांनी ते पाळलं.

थोड्या वेळाने तुझा फोन आला. मावशी मशीनवर होती आणि तू बाहेरच्या बाकावरून बोलत होतीस. मागे कुणीतरी सिस्टरला हाका मारत होतं. तू चिडली होतीस. "कुणीतरी दोन-दोन जागा धरून बसलंय, ताई. स्वतः जाणार नाही आणि दुसऱ्याला जाऊ देणार नाही. कसली माणसं असतात गं ही?"

"लाज नसते अशांना," मी म्हटलं.

अगदी जोरात म्हटलं. लॅबमधला हेल्पर वळून बघायला लागला.


१३ एप्रिल, शुक्रवार

झालं. दाबलं.

लॅब बंद करायच्या आधी, सव्वासहाला. मायक्रोस्कोपवर कव्हर घातलं, हात धुतले, बसले आणि दाबलं. पोर्टलने विचारलं, 'नक्की?' मी 'हो' म्हटलं. त्याखाली कारण लिहायला चौकोन होता, तो मोकळा सोडला.

बघ, पंधराला अजून दोन दिवस आहेत. उद्या नाहीतर परवा तुला मेल येईल, तू नाचशील, मावशीला उठवून सांगशील आणि मग मला फोन करशील. मी आश्चर्य दाखवेन. मला ते जमेल, एवढ्यात सराव झालाय. मग आयुष्यभर ही वही कुलपात राहील आणि तेरा दिवसांचं माझं हे पाप कुणाला कळायचं नाही. तुझं काही बिघडलं नाही, फक्त थोडं थांबावं लागलं. स्वतःला हेच सांगत हॉस्टेलवर आले. आज पहिल्यांदा भूक लागली.


१६ एप्रिल, सोमवार

ठकू, मी तारखा मोजल्या. वार मोजले नाहीत.

रोज तीनशेपर्यंत मोजणारी बाई मी. एक कण दोनदा मोजला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. आणि मला हे दिसलं नाही की चौदा शनिवार आहे आणि पंधरा रविवार. नदीकाठचं ऑफिस शुक्रवारी पाचला बंद होतं. मी सव्वासहाला दाबलं. माझं 'नाही' दोन दिवस तिथल्या बंद कॉम्प्युटरमध्ये पडून राहिलं.

पोर्टलला मात्र शनिवार-रविवार नसतो. समुद्रापलीकडच्यांचं पोर्टल रविवारी रात्री मिटणार होतं. काल दुपारी तुझा फोन आला. "काय करू?" तू विचारलंस. मी म्हटलं, "थांब अजून थोडी." किती वेळ थांबायचं, हे मी सांगू शकले नाही. "सोमवारी त्यांचा मेल येणार, कारण मी शुक्रवारी जागा सोडलीय" एवढं एक वाक्य होतं. ते माझ्या तोंडात आलं होतं, खोटं नाही सांगत. तेवढ्यात मागून मावशीचा आवाज आला, "अगं, हातचं जायचं. त्यांना हो म्हण. माझं मी बघेन." आणि तू म्हणालीस, "बरं ताई, ठेवते."

मी पुन्हा फोन लावला नाही. पंधरा सेकंदांचं काम होतं. चार वाजता तू त्यांना हो कळवलंस.

आज साडेअकराला तुझा फोन. नदीकाठाहून तुला जागा आली होती. तू रडत नव्हतीस. तुझा आवाज अगदी कोरा होता. "आज दिली, ताई. आज." तू एवढंच म्हणालीस. मला वाटलं होतं तू ओरडशील, शिव्या घालशील कुणाला तरी. तू विचारलंस, "तू जेवलीस का?"


४ मे, शुक्रवार

समुद्रापलीकडच्या विभागप्रमुखांनी तुला ना-हरकत पत्र दिलं नाही. देणार नाहीत हे ठाऊक होतं. तू आजारी आईबद्दल लिहिलंस, डॉक्टरांचे कागद जोडलेस. त्यांचं उत्तर आलं की सहानुभूती आहे, पण पंधरा तारीख सर्वांसाठी सारखी आहे. नदीकाठच्यांनी दहा दिवस वाट बघितली आणि तिसऱ्या माणसाला बोलावलं.

मी घरी आले आहे. ही वहीसुद्धा घेऊन आले. तू मागच्या खोलीत मावशीच्या गोळ्यांचे डबे भरते आहेस, सोमवार, मंगळवार, बुधवार. मला भिंतीतून टिकटिक ऐकू येते. मी आत येऊन तुझ्यासमोर बसू शकते. दार उघडं आहे.

आज जेवताना मी म्हटलं, "डोंगरावरच्यांना मी वर्षभर पुढे ढकलायला सांगते. मावशीजवळ मी राहीन. तू जा."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोरी, तू माझ्या पोटची नाहीस हे मी विसरूनच गेले," ती म्हणाली. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग पानाकडे बघून म्हणालीस, "बरं होईल ते."

मी उठून ताटं गोळा केली.


२० ऑगस्ट, सोमवार

तू गेलीस. विमानतळावर तू मला मिठी मारली नाहीस, ते मी दगदगीवर ढकललं. तू म्हणालीस, "ताई, आईला सोडून जाऊ नकोस. हे तुझे उपकार मी विसरणार नाही."

मी टॅक्सीने परत आले. घरी मावशी पायऱ्यांवर बसून होती. शेजारच्या बाई तिला सांगत होत्या, "अशी भाची मिळायला भाग्य लागतं हो." मी आत जाऊन नळ सोडला आणि रडले. नळाचा आवाज मोठा येतो, एवढं बरं आहे आपल्या घराचं.


११ नोव्हेंबर, रविवार

सोमवार, बुधवार, शुक्रवार. पावणेसातला निघायचं, साडेसातला सुई टोचतात, चार तास. मावशी मशीनवर असताना मी बाहेर त्याच बाकावर बसते जिथून तू एप्रिलमध्ये फोन करायचीस. बाकाची एक पट्टी सैल आहे, उठताना कपडा अडकतो. तुझाही अडकत असेल.

मावशी खूप बोलते हल्ली. तुझंच बोलते. "तिकडे तिला धड जेवायला तरी मिळतं का? तुझ्याशी बोलते का नीट?" मी म्हणते, रोज बोलते. खरंच बोलतेस. ठरल्या वेळेला. "आईचं वजन किती? पाणी किती प्यायली? तू जेवलीस का?" मी उत्तरं देते आणि तू ठेवतेस. तुझं तिकडे कसं चाललंय ते विचारलं की म्हणतेस, "चाललंय." सरांकडून कळलं की तुला तिथे गाळ मिळालाच नाही, दुसऱ्यांच्या कामाचे आकडे भरायला बसवलंय. ते तू मला सांगितलं नाहीस.

मी रोज ठरवते की आज सांगायचं. मग वाटतं, सांगून टाकलं तर मला हलकं वाटेल, पण तिला तिथे एकटीला ते घेऊन बसावं लागेल. हे कारण मला फार पटतं. ज्या कारणांनी माझी सुटका होते, ती सगळी मला पटतातच.


९ फेब्रुवारी, शनिवार

मावशी बुधवारी सकाळी मशीनवरच गेली. रक्तदाब उतरला, डॉक्टर धावले, मला बाहेर काढलं. मी त्या बाकावर बसले होते. पंधरावीस मिनिटांत सगळं संपलं.

जाताना ती तुझ्याबद्दल काही म्हणाली का, असं तू फोनवर विचारलंस. म्हणाली होती. त्या सकाळी गाडीत बसताना म्हणाली, "ठकू दीड तासावर असती तर आज तिच्याबरोबर आले असते, तुला जरा झोपू दिलं असतं." मी तुला हे सांगितलं नाही. काही नाही म्हणाली, असं सांगितलं.

तुझी रजा मंजूर व्हायला, तिकीट मिळायला तीन दिवस गेले. तू आज पोचलीस. तोवर सगळं उरकलं होतं. मीच उरकलं. सगळे म्हणाले, मुलीसारखं केलंस.


१४ फेब्रुवारी, गुरुवार

ठकू,

तू आज गेलीस. यापुढे लिहू नकोस, फोन करू नकोस, असं गाडीच्या काचेतून सांगून गेलीस. वहीतलं तुला पोचत नाही, म्हणजे मी तुझं ऐकलंच म्हणायचं.

चार दिवस तू घर आवरलंस. मावशीची औषधं हॉस्पिटलला परत दिलीस, चादरी धुतल्यास, बँकेचे, गॅसचे कागद लावून दिलेस. माझ्याशी नीट बोलत होतीस. मला वाटायला लागलं होतं की आता आपण दोघीच उरलोय, आता आपण जवळ येऊ. काल मी दोघींसाठी चहा ठेवला आणि मनाशी ठरवलं, उद्या ती निघायच्या आधी सगळं सांगायचं.

आज सकाळी तूच बॅग दारात ठेवलीस आणि पर्समधून कागद काढून टेबलावर ठेवलास. नदीकाठच्या ऑफिसातल्या बाईंचा मेल. सोळा एप्रिल. बाईंनी प्रेमाने लिहिलं होतं. उशिराबद्दल माफी मागितली होती आणि पुढे, 'तुमच्याच प्रयोगशाळेतल्या तुमच्या सहकारी मुलीने शुक्रवारी संध्याकाळी जागा सोडली, ते आम्ही आज पाहिलं. तुमचं दोघींचं बोलणं झालंच असेल.'

आपल्या लॅबमध्ये मुली दोनच होत्या.

मी उभी होते ती खाली बसले. तू बसली नाहीस.

"तेव्हापासून माहीत आहे?" मी विचारलं.

"साडेअकराला फोन केला, त्याच्या आधी दहा मिनिटं."

"मग बोलली का नाहीस?"

"आईला कुणीतरी हवं होतं," तू म्हणालीस. आवाज चढला नाही तुझा, चढला असता तर बरं. "मला जावं लागणार हे दिसत होतं. तुला बोलले असते तर तू तोंड लपवून डोंगरावर निघून गेली असतीस. न बोलता तू थांबशील, हे मला माहीत होतं. तू नीट सांभाळलंस तिला. त्यात मी खोट काढत नाही."

म्हणजे दहा महिने मी समजत होते की मी तुझ्यापासून लपवते आहे. 'तू जेवलीस का' हे तू रोज विचारत होतीस ते, मशीनला तेल घालावं, तसं. मी तुला दोष देत नाही. मी त्याच लायकीची होते.

मी बोलायला लागले. तेरा दिवस, वार मोजले नाहीत, शुक्रवार, सव्वासहा, सगळं एकदम. तू हात वर केलास. "ते नको. ते ऐकून तुलाच बरं वाटेल."

बाहेर गाडी आली. तू बॅग उचललीस, मी उचलायला आले तर दुसऱ्या हातात घेतलीस. फाटकाशी तू थांबलीस. ड्रायव्हर डिकी उघडून उभा होता.

"एकच विचारायचंय," तू म्हणालीस. "ती जागा तुला हवी होती का? डोंगरावर जायचं की नदीकाठी, असं खरंच ठरत नव्हतं का तुझं? तसं असेल तर तेरा दिवस काय, शेवटच्या मिनिटापर्यंत धरून ठेवायचा तुझा हक्क होता. मी समुद्रापलीकडे बसून रोज हेच धरून राहिले. की ताईचं ठरत नसेल."

तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. पाच वर्षांची असताना दारात उभी राहून बघत होतीस तशी नाही. थकलेल्या बाईसारखी, उत्तर आलं की निघायचं म्हणून. आणि मला दिसलं की तू मला वाट काढून देते आहेस. एक 'हो' म्हटलं असतं तर तू आत जाऊन तो कागद फाडला असतास. कदाचित गाडी परत पाठवली असतीस. मी तेरा दिवस खोटं बोलले, नंतर दहा महिने खोटं बोलले, मावशीच्या शेवटच्या शब्दांबद्दलही बोलले. आणखी एक बोलायला काय लागत होतं?

"नाही," मी म्हटलं. "शनिवारीच डोंगराला हो कळवलं होतं. मला ती कधीच नको होती."

तू "बरं" म्हणालीस आणि गाडीत बसलीस.